घरात तपासनीस तीन, कामाला माणूस एक

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळला तो असा. वडील ६१ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त, देवगडजवळच्या गावी थोडी कलमं सांभाळून राहतात. साखर १७ वर्षांपासून, बीपीही जुनं. मार्चमध्ये रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, ३.४ आलं. डॉक्टर म्हणाले, किडनी वीस टक्के उरलीय. त्यांनी पथ्याचा कागद दिला आणि हाताला फिश्चुला, म्हणजे पुढे डायलिसिसच्या सुया पेलेल अशी जाड शीर, करून ठेवा म्हणाले. बाबा फिश्चुलाचं नाव काढू देत नाहीत, आईच्या नकळत खारा बांगडा भाजून खातात. आई रडते, तुम्ही डोंबिवलीहून रोज रात्री फोनवर ओरडता, बहीण काढ्यांचे व्हिडिओ पाठवते. आणि तुम्ही विचारलंय: त्यांना ऐकायला कसं लावायचं? मुंबईला आणून ठेवावं का?

मी डॉक्टर नाही. सिंधुदुर्गात डायलिसिस युनिटमध्ये परिचारिका म्हणून २३ वर्षं काढली. मशीन लावायचं, सुया टोचायच्या आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांशी बोलायचं. हे तिसरं काम मला कुणी नेमून दिलं नव्हतं, पण सगळ्यात जास्त तेच झालं. तेव्हा गोळ्यांच्या डोसबद्दल मी काही बोलणार नाही. घराबद्दल बोलते.

'ऐकायला कसं लावायचं' इथेच गाडी अडली आहे. ज्या माणसाने आयुष्यभर भरल्या गाडीत दुसऱ्यांना 'पुढे सरका, पुढे सरका' सांगितलं, त्याला आता तिघांनी मिळून सरकवायचं म्हटलं तर तो सरकणार नाही. मला तुमच्या घरात दिसतं ते असं: आजारी माणूस एक, तपासनीस तीन आणि कामाला माणूस एकच, तुमची आई. अधल्यामधल्या थांब्यावर तपासनीस गाडीत चढला की कंडक्टरचा चेहरा कसा होतो, ते बाबांनाच विचारा. रोज रात्री नऊ वाजता तुमचा फोन वाजतो तेव्हा त्यांचा तोच चेहरा होत असणार.

ही चूक मीही केली आहे. मालवणकडचा एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, आमच्याकडे डायलिसिसला यायचा. दोन डायलिसिसच्या मध्ये चार-चार किलो वजन वाढवून आणायचा, म्हणजे सगळं अंगात साठलेलं पाणी. त्याच्या बायकोने मिठाची बरणी कपाटात घालून कुलूप लावलं आणि मला येऊन सांगितलं. मी तिला शाबासकी दिली. तो बंदरावरच्या खानावळीत जेवायला लागला आणि वजन आणखी वाढलं. एकदा मशीनवर असताना हळूच म्हणाला, "सिस्टर, अळणी जेवणाचा माका काय नाय. पण घरात माका चोर केल्यानी." त्या दिवशी मी बायकोला बसवून घेतलं. कुलूप काढलं, घरातल्या सगळ्यांच्या जेवणातलं मीठ थोडं थोडं उतरवलं, सासूचं, पोरांचंसुद्धा, आणि वजनाचा काटा व वही तांडेलाच्या हातात दिली. दीड-दोन महिन्यांत चार किलोचे दोन-अडीच झाले. तेव्हापासून मी कुठल्याही घराला पहारा ठेवायला सांगत नाही. त्याऐवजी कामं वाटून द्यायला सांगते.

पण आधी त्या वीस टक्क्यांबद्दल, कारण ओरडण्यामागची भीती तिथून येते. 'टक्के' म्हणजे ईजीएफआर. क्रिएटिनीन, वय आणि बाई की पुरुष यावरून काढलेला अंदाज. बाबांचा तो २० च्या आसपास येतो, म्हणजे चौथा टप्पा (१५ ते २९). पंधराच्या खाली गेला की पाचवा. हेच ३.४ क्रिएटिनीन सत्तर वर्षांच्या बाईचं असतं तर ईजीएफआर १४ च्या घरात आला असता. म्हणून शेजारच्या कुणाचं क्रिएटिनीन पाच असून तो मजेत फिरतो, या गोष्टीला अर्थ नाही. एका रिपोर्टवरून पुढचं काही कळतही नाही. मागचे तीन-चार रिपोर्ट तारखेप्रमाणे मांडले की उतार दिसतो. काहींचा आकडा वीसच्या आसपास वर्षानुवर्षं रेंगाळतो, काहींचा सहा-आठ महिन्यांत खाली येतो. लघवीतून प्रथिनं किती जातात, बीपी किती हातात आहे, मध्ये जंतुसंसर्ग किंवा जुलाबउलट्या किती झाल्या, यावर ते ठरतं. म्हणून 'डायलिसिस कधी लागेल' याचं उत्तर तुम्हाला कुणी ठामपणे दिलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. किडनीच्या डॉक्टरांना लघवीतल्या अल्ब्युमिनचा (लघवीतून जाणाऱ्या प्रथिनाचा) आकडा, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन विचारा. हे तीन क्रिएटिनीनइतकेच महत्त्वाचे.

आता स्वयंपाकघर.

मिठाचं माप माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि हे तुमच्या-आमच्यासाठीसुद्धा. आई-बाबा दोघांचं दिवसाचं दहा ग्रॅम, महिन्याचं तीनशे. म्हणजे एक किलोची पिशवी तीन महिने पुरली पाहिजे. पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख घाला. बहुतेक घरांत पहिली पिशवी सव्वा-दीड महिन्यात संपते. मग भांडायची गरज उरत नाही, पिशवीच सांगते. मात्र वेगळी अळणी भाजी बाबांच्या ताटात वाढू नका. भांडं एकच, मीठ सगळ्यांना कमी, आणि तेही एकदम नाही, दर आठवड्याला चिमूट चिमूट. जिभेला पाच-सहा आठवडे लागतात, मग हॉटेलातली भाजी खारट लागायला लागते.

आपल्याकडचं खरं मीठ भाजीत नसतंच, ते बरण्यांत असतं. आगळ, म्हणजे मीठ घालून काढलेला कोकमाचा रस, हे अर्धं मीठच समजा. सोलकढी आगळाची केलीत तर वर चिमूटभरही घालू नका, नाहीतर बिनमिठाची आमसुलं मागून आणा आणि ती भिजवून करा. लोणचं, सांडगी मिरची, फणसाचे पापड हे सगळं त्याच हिशेबात. सुक्या मासळीत मात्र फरक आहे आणि तो पथ्याच्या छापील कागदावर नसतो, कारण तो कागद समुद्रापासून लांब राहणाऱ्या कुणीतरी लिहिलेला असतो. बोंबील आणि जवळा सहसा मीठ न लावता उन्हात वाळवतात. खारा बांगडा, खारी सुरमई मिठात मुरवलेली असते. जवळ्यातही फॉस्फरस असतोच आणि थकलेल्या किडनीला तो नीट बाहेर टाकता येत नाही, तेव्हा मोकळं रान नाही, पण पंधरवड्यातून एकदा धुऊन घेतलेल्या चिमूटभर जवळ्याची चटणी आणि चोरून खाल्लेला खारा बांगडा यांत मी पहिली गोष्ट शंभरदा निवडीन. ताजा बांगडा, तिरफळं, लसूण, ओली मिरची, आमसूल. यात मीठ निम्मं केलं तरी जेवणाला तोंड येतं. आईंना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना यादी देऊ नका, माप द्या.

एक गोष्ट मात्र अजिबात नको: 'कमी सोडियम'वालं मीठ. मुलगा प्रेमाने मुंबईहून महागाची पिशवी घेऊन येतो. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. कमकुवत किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात पोटॅशियम फार चढलं की हृदयाचे ठोके चुकतात, कधी थांबतातही.

पोटॅशियमचं पथ्य रिपोर्ट पाहून ठरवायचं. आकडा साडेचार असेल तर घरातली सगळी फळं बंद करायची गरज नाही. पाचच्या वर जायला लागला तर पहिलं शहाळं बंद. हे कोकणात लोकांना पटत नाही, कारण आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे हातात शहाळी. शंभर मिलिलीटर शहाळ्याच्या पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे एका बऱ्यापैकी शहाळ्यात साडेसातशेच्या आसपास. देवगडात राहून आंबा बंद म्हणजे शिक्षाच, पण त्यात थोडी सूट आहे. शंभर ग्रॅम आंब्यात साधारण १७० मिलिग्रॅम आणि तेवढ्याच फणसाच्या गऱ्यांत साडेचारशेच्या जवळपास. म्हणजे साखर आवाक्यात असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर हापूसची एखादी फोड जमते, गरे जमत नाहीत. काजूगर तर नाहीच. भाज्या बारीक चिरून कोमट पाण्यात भिजवायच्या, मग भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायचं. आई म्हणतील, सत्त्व गेलं. या आजारात त्यातलं थोडं सत्त्व जायलाच हवं असतं.

नाचणीचंही सांगून ठेवते. 'भात बंद, नाचणी सुरू' असा फतवा मी अनेक घरांत पाहिला. साखरेसाठी नाचणी ठीक, पण तिच्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही तांदळापेक्षा जास्त. किडनीचा हिशेब वेगळा असतो, बदल डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून करा. पेजेबद्दल लोक विचारतात. पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर पेज खुशाल घ्यावी. बंधन आलं की मात्र पेज, चहा, सोलकढी, आमटी सगळं पाण्यातच मोजायचं. तुम्ही पायावर सूज असल्याचं लिहिलेलं नाही, तेव्हा पाणी तोडायचं की नाही हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आपण ठरवू नका.

आणि उपाशी मारू नका. डायलिसिसच्या आधी प्रथिनं आवरती, किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला अठ्ठेचाळीस. तळहाताएवढा माशाचा तुकडा, थोडी आमटी, बाकी भातापोळीतून मिळतात तेवढी. पण 'डाळ बंद, मासे बंद, अंडं बंद' असं करून दंड सुकलेली माणसं मी पाहिली आहेत आणि मशीनवर त्यांचे हाल जास्त होतात. डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो, प्रथिनं वाढवावी लागतात. तेव्हा आजचा कागद भिंतीवर कायमचा चिकटवू नका.

बहिणीच्या व्हिडिओंकडे येते. आपल्या वाडीवाडीत 'किडनी' म्हटलं की लोकांना मुतखडा आठवतो. कुळथाचा काढा प्या, दिवसाला चार लिटर पाणी प्या, हा सल्ला खड्यासाठीचा. किडनीच थकली असेल तेव्हा काढ्याने पोटॅशियम चढतं आणि जास्तीचं पाणी फुप्फुसात जाऊन बसतं. त्याहून वाईट म्हणजे बिंबलीचा रस. कालवणात दोन बिंबल्या घालणं वेगळं आणि कोलेस्टेरॉलसाठी म्हणून पेलाभर रस पिणं वेगळं. त्यातल्या ऑक्झलेटने चांगल्या किडन्या बंद पडलेल्या आहेत, केरळात असे रुग्ण नोंदवलेले आहेत. कमरखही तसंच, आडवं कापलं की चांदणी दिसते ते फळ. त्यातलं एक द्रव्य मेंदूवर जातं. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके. किडनीच्या माणसाने एक फोडही खाऊ नये. भस्मं आणि बिननावाच्या पुड्या यांच्याबद्दल मी फक्त एवढंच विचारते की पुडीवर काय लिहिलंय. काही लिहिलेलं नसेल तर पोटात घालायची नाही.

पण काढ्यांपेक्षा जास्त किडन्या कलमांच्या कामानंतर घेतलेल्या गोळीने गेलेल्या मी पाहिल्या. पाठ धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲसिक्लोफेनॅक. यासाठी बाबांवर लक्ष ठेवू नका. पुढच्या वेळी गावी गेलात की स्वतः मेडिकलवाल्याकडे जा आणि सांगा, आमच्या बाबांना किडनीचा त्रास आहे, दुखण्याची गोळी द्यायची नाही. गावात त्याला सगळे ओळखतात, तो लक्षात ठेवतो. दुखण्यावर काय चालेल ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, बहुधा पॅरासिटामॉल लिहितील. उलट टेल्मिसार्टन, रामिप्रिल या जातीच्या बीपीच्या गोळ्या सुरू झाल्यावर क्रिएटिनीन जरा वर सरकतं. डॉक्टर ते धरूनच चालतात, आकडा पाहून गोळी परस्पर बंद करायची नाही. फक्त जुलाबउलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी फोन करून, कुठल्या गोळ्या दोन दिवस थांबवायच्या ते विचारायचं.

साखरेबद्दल एक धोका असा आहे की तो आनंदाच्या बातमीसारखा येतो. अनेक घरं मला हसत सांगतात, "सिस्टर, आता साखर आपोआप उतरली, पथ्याचा गुण." बहुतेक वेळा तो गुण नसतो. इन्सुलिन शरीराबाहेर टाकण्याचं बरंचसं काम किडनी करते. ती मंदावली की इन्सुलिन आणि काही गोळ्या अंगात जास्त वेळ राहतात आणि साखर खाली घसरते, बहुधा पहाटे. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. आईंना हे ठाऊक असलं पाहिजे आणि उशाशी ग्लुकोज किंवा साखर ठेवली पाहिजे. फळाचा रस नको, कारण पुन्हा पोटॅशियम. साखर उतरू लागली की डॉक्टरांना लगेच कळवा, डोस कमी करावे लागतात. मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही विचारा. ईजीएफआर तीसच्या खाली असताना ती गोळी बंद करतात.

कामांची वाटणी मी तुमच्या घरासाठी अशी करीन. बीपीचं मशीन आणि वजनाचा काटा बाबांच्या ताब्यात. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आलं की वजन, मग पाच मिनिटं शांत बसून बीपी, आणि दोन्ही वहीत. कंडक्टरला वेबिल भरायची सवय असते, त्यांची वही तुमच्या फाइलपेक्षा चोख निघेल. आईकडे स्वयंपाक, तेवढाच. गोळ्या भरणं, रक्त तपासायला नेणं, डॉक्टरांकडे जाणं हे त्यांच्या खांद्यावरून उतरवा. गावात चुलतभाऊ, पुतण्या कुणी असेल तर त्याच्याकडे महिन्याची तपासणीची फेरी सोपवा आणि पेट्रोलचे पैसे आधी द्या, नंतर विचारून नाही. बहीण फोनवर हुशार आहे, तिला व्हिडिओंऐवजी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका तक्त्यात उतरवायला सांगा. आणि वाडीतून येणाऱ्या प्रत्येक औषधाला 'डॉक्टरांना विचारून सांगते' एवढंच म्हणायचं कामही तिचंच. नाही म्हणण्याचा वाईटपणा घरात एकाने घेतला की बाकीचे मोकळे होतात.

तुमचं काम कागदांचं आणि पैशांचं. रेशनकार्ड, आधार, दोन्हींवर नाव सारखं आहे का पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, यादीतल्या रुग्णालयांत डायलिसिस होतं. तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, त्याला आत्ताच भेटून काय काय लागेल ते लिहून घ्या. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांतही सोय होत आली आहे. गरज पडली त्या दिवशी मानेत नळी आणि हातात रेशनकार्डाची झेरॉक्स अशी धावपळ करणारे मुलगे मी खूप पाहिले. आणि फोन: आठवड्यातून एकदा, रविवारी, किडनीचा. बाकी सहा दिवस मोहोर, माकडं, मॅच, काहीही बोला, पण 'आज काय खाल्लं' हे विचारू नका.

फिश्चुलाबद्दल. बाबा नाही का म्हणतात हे तुमच्यापैकी कुणी विचारलंय का? माझा अंदाज, त्यांना वाटतं हाताला फिश्चुला केला म्हणजे उद्यापासून मशीन. तसं नाही. हाताची एक शीर धमनीला जोडतात, म्हणजे ती जाड होऊन पुढे सुया पेलू शकते. ती तयार व्हायला निदान सहा-आठ आठवडे लागतात, मधुमेहात कधी जास्त. म्हणून आधी करायची, आणि केल्यावर ती वर्षभर न वापरता राहिली तरी बिघडत नाही. उशीर केला तर गळ्यातून नळी घालावी लागते आणि तिच्यातून जंतू रक्तात जातात. ते टाळायलाच हा सगळा खटाटोप. हे तुम्ही सांगून पटणार नाही. डायलिसिस युनिटमध्ये सिस्टरना विचारून त्यांच्याच वयाच्या, शक्यतो एसटीतल्याच एखाद्या माणसाशेजारी त्यांना अर्धा तास बसवा आणि तुम्ही बाहेर चहा प्यायला जा. ते दोघं रस्त्याच्या खड्ड्यांपासून सुरुवात करतील आणि सुयांपर्यंत येतील. दरम्यान, ते उजव्या हाताने लिहीत असतील तर डावा हात जपा. रक्त काढायचं, सलाइन लावायचं तर उजव्या हाताच्या पंजाच्या पाठीवरून. लॅबवाल्याला हे प्रत्येक वेळी सांगायचं काम बाबांचं.

मशीनशिवाय दुसरी वाटही विचारा, पोटाच्या डायलिसिसची. पोटात एक मऊ नळी बसवतात आणि घरीच साधारण दोन लिटरच्या पिशव्या दिवसातून तीन-चार वेळा बदलायच्या. मशीनचं डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास, वर जाण्यायेण्याचा वेळ, आणि पावसाळ्यात आपले रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. लांबच्या गावासाठी पोटाचं डायलिसिस चांगलं पडू शकतं, पण स्वच्छ खोली, पिशव्यांचा नेमाने पुरवठा, खर्च आणि बदलणारा हात, हे सगळं असेल तर. तुमच्या घरी ते आहे का, हे मला इथून सांगता येणार नाही. आणि तिसरी गोष्ट सांगायला जीभ अडखळते, तरी सांगते. सगळं नीट समजून घेऊन एखादा माणूस 'मला मशीन नको, औषधांवर जितके दिवस बरे जातील तितके जाऊ देत' म्हणतो, तर तोही त्याचा निर्णय असतो आणि डॉक्टर त्यातही त्रास कमी ठेवायला मदत करतात. बाबा तसं म्हणतील असं नाही. पण त्यांना नाही म्हणायची जागा आहे असं दिसलं की माणसं बऱ्याचदा हो म्हणतात, हे मी पाहिलंय.

मुंबईचं काय? आज तरी नको असं माझं मत. चौथ्या टप्प्यात काम असतं नियमित तपासणीचं, आणि ते देवगडात, कणकवलीत होतं. मोठ्या डॉक्टरांकडे महिन्या-दोन महिन्यांनी जायचं तर आपल्याकडची माणसं कोल्हापूरला जातात, सावंतवाडीकडची गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात, तुमच्यासाठी डोंबिवली आहेच. त्यांना डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर बसवलंत तर कलमं सुटली, पारावरच्या गप्पा सुटल्या, आणि खारा बांगडा तिथेही बाजारात मिळतोच. डायलिसिस लागलं आणि जवळ खाट मिळाली नाही तर विचार बदलेल. आई एकट्या पडत असतील तरीही बदलेल. तोपर्यंत तपासणीच्या निमित्ताने आठ दिवस आणून पाहा.

आईंबद्दल तुम्ही 'रडते' एवढंच लिहिलंय. त्यांचं बीपी शेवटचं कधी तपासलं? युनिटच्या बाकड्यावर बसणाऱ्या बायका नवऱ्याची फाइल मिलिग्रॅमसकट पाठ म्हणून दाखवतात आणि स्वतःची साखर विचारली की गप्प होतात. महिन्यातले चार दिवस तुम्ही किंवा बहिणीने गावी जाऊन त्यांना माहेरी पाठवा. आणि किडनी देण्याचा विषय स्वयंपाकघरात, आई ऐकत असताना काढू नका. १९९४ च्या कायद्याप्रमाणे जवळचे नातेवाईक देऊ शकतात: नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही. पण आपल्याकडे देणारी बहुतेक वेळा बायको किंवा आईच असते, आणि तिला विचारलेलं नसतं, गृहीत धरलेलं असतं. ६१ वय हे प्रत्यारोपणाला अडसर नाही, डायलिसिस लागायच्या आधीही ते करता येतं. तेव्हा डॉक्टरांशी बोला जरूर, पण आधी तुम्ही दोघं भावंडं स्वतःची साखर, बीपी आणि लघवी तपासून घ्या. मधुमेहाच्या वडिलांची मुलं आहात, ते प्रत्यारोपण होवो न होवो, केलंच पाहिजे.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून एवढं सांगते. लावणीच्या दिवसांत पायाला चीर असताना चिखलात उतरू देऊ नका. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून चिखलपाण्यात पसरणारा ताप, धडधाकट माणसाचीही किडनी बंद पाडतो. त्यांना ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठा. दोन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, रात्री आडवं झाल्यावर दम लागला, लघवी अचानक कमी झाली, पायांतलं बळ गेल्यासारखं वाटलं किंवा छातीत धडधड झाली, तर रविवारच्या फोनची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय. हे पाच त्रास मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. पुढच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम साडेपाचच्या वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना आकडा कळवा, मग बाबा कितीही 'काय होत नाय' म्हणोत.